४७ दिवसांचं बाळ, सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह. पोटातूनच आलं की नंतर लागलं?

खानापूरची_आत्या

नमस्कार मंडळी. माझ्या भावाचा मुलगा आज ४७ दिवसांचा आहे. आमचं गाव खानापूर तालुक्यात, बाळंतपण बेळगावात झालं. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, होतं असं, कोवळ्या उन्हात धरा. धरलं. खरं पिवळेपणा अजून गेलेला नाही. दूध चांगलं पिऊलाय, वजनही वाढलंय, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात, बाळ ४० दिवसांचं असताना, एका दवाखान्यात टॉर्च टेस्ट (आईकडून बाळाला लागणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी) करायला सांगितली. रिपोर्टात सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस नावाच्या व्हायरसचं आयजीजी पॉझिटिव्ह आणि सीएमव्ही आयजीएमपण पॉझिटिव्ह. डॉक्टर कन्नडात भराभर बोलले. वहिनी चंदगडची, तिला अर्धंच कळलं, आणि जे कळलं ते एवढंच की हा व्हायरस पोटात असतानाच लागतो आणि मूल बहिरं होऊ शकतं. त्या दिवसापासून ती नीट जेवत नाही. आई म्हणते अंगावरचं दूध तोडा. भाऊ म्हणतो मिरजेला नेऊ. कुणाला यातलं माहीत असेल तर कृपा करून सांगा: हे जन्मजातच आहे का? कान जातील का? दूध बंद करायचं का?

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी माझा एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आजच हवं. बाळाच्या शीचा रंग काय आहे? पिवळा, हिरवट, की फिकट, पांढुरका, भिजवलेल्या शाडूसारखा? आणि लंगोटाला लघवीचा पिवळा डाग पडतो का? एवढ्या लहान बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी.

खानापूरची_आत्या

डॉक्टर, वहिनीला विचारलं. शी कधी पिवळी तर कधी फिकट असते म्हणते. लंगोटाला डाग पडतो, धुतला तरी जात नाही.

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

मग उद्या सकाळचीच गाडी धरा. बेळगावात जिथे बालरोग विभाग आणि लहान मुलांचा सर्जन दोन्ही आहेत तिथे जा. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण इथे दिवस मोजावे लागतात म्हणून स्पष्ट लिहितो.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, आणि बाळ फक्त आईच्या दुधावर असेल तर फार तर तीन आठवड्यांनंतर, रक्तातल्या बिलिरुबिनचे (कावीळीत वाढणारं पिवळं द्रव्य) दोन भाग वेगळे मोजायचे असतात: एकूण आणि डायरेक्ट. डायरेक्ट १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती साधी कावीळ नाही, पित्त यकृतातच अडकून राहतंय. हे सीएमव्हीने होऊ शकतं, थायरॉइडने, लघवीच्या जंतुसंसर्गाने, आणखी डझनभर कारणांनी होऊ शकतं. पण एक कारण असं आहे की ज्याला घड्याळ लावलेलं आहे, आणि ते म्हणजे पित्तनलिका बंद असणं. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया करतात. मोरिओ कासाई या जपानी सर्जनचं ते नाव, ऐकून घरात कुणी दचकू नये. ती साठाव्या दिवसाच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच जास्त असते. तुमचं बाळ ४७ दिवसांचं आहे.

याच ठिकाणी सीएमव्हीचा रिपोर्ट घात करतो. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांच्या रक्तातही सीएमव्ही आयजीएम पॉझिटिव्ह सापडतं. "सीएमव्हीची कावीळ आहे, उतरेल" असं म्हणून महिना जातो आणि मूल ९० व्या दिवशी सर्जनकडे पोचतं. मी अशी बाळं पाहिली आहेत. म्हणून सीएमव्ही सापडलं तरी पित्तनलिका उघडी आहे हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

उद्या काय मागायचं ते कागदावर लिहून न्या: एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, पोटाची सोनोग्राफी (सुमारे चार तास उपाशी ठेवून, म्हणजे पित्ताशय भरलेलं दिसतं), प्लेटलेट, रक्त गोठण्याची तपासणी, आणि लघवीची सीएमव्ही पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी तपासणी). पित्त अडलेल्या बाळाच्या अंगात व्हिटॅमिन के कमी पडतं आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्या इंजेक्शनचंही विचारा. शीचा फोटो रोज दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. दूध तोडू नका, कारण नंतर लिहितो.

वडगाव_काका

आमच्या भागात कावीळ उतरवणारे आहेत, झाडपाला देतात. मोठ्या माणसांना गुण येतो. बाळाला चालेल का विचारून बघा.

आशा_हुक्केरी

काका, हात जोडून सांगते, तान्ह्या बाळाला पाला देऊ नका. यकृत आधीच दमलेलं असतंय. ताई, तुम्ही उद्या निघाच. जाताना तायी कार्ड (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं सरकारी कार्ड) घ्या, त्यावर जन्माचं वजन आणि डोक्याचा घेर लिहिलेला असतो. डॉक्टर तो हमखास विचारतील.

टिळकवाडीचा_लॅबवाला

मी बेळगावात बारा वर्षं लॅबमध्ये आहे. रोज टॉर्चचे रिपोर्ट छापतो, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

आयजीजी आणि आयजीएम या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासण्या, व्हायरसच्या नव्हेत. आयजीजी नाळेतून आईकडून बाळात उतरतं. आपल्याकडे बहुतेक सगळ्या बायकांना लहानपणीच सीएमव्ही होऊन गेलेला असतो, त्यामुळे जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाचं आयजीजी पॉझिटिव्हच येणार. ते आईचं असतं, हळूहळू उतरत वर्षाच्या आसपास संपतं. ४० व्या दिवशी आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे आईला कधीतरी सीएमव्ही झाला होता, त्यापलीकडे काही नाही.

आयजीएम नाळेतून उतरत नाही, म्हणून ते बाळाचं स्वतःचं मानतात. पण ते खोटं पॉझिटिव्ह येतं, दुसऱ्या व्हायरसमुळेही येतं, आणि उलट खरोखर जन्मजात संसर्ग झालेल्या कितीतरी बाळांत येतच नाही. म्हणून आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं नाही आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून पक्कं असंही नाही. पक्कं करायचं तर व्हायरसच शोधावा लागतो, लघवीत किंवा लाळेत, पीसीआरने. लाळ सोपी, गालाच्या आत बोळा फिरवला की झालं, पण अंगावर पाजल्यावर लगेच घेतली तर दुधातला व्हायरस त्यात येतो. किमान एक तास थांबा. आणि लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करा.

एक विनंती सगळ्यांना. नमुना कुठल्या दिवशी घेतला ती तारीख आणि बाळाचं त्या दिवशीचं वय रिपोर्टवर आहे ना, बघून घ्या. आमच्याकडे कित्येक फॉर्म वयाच्या रकान्यात नुसतं "बेबी" लिहून येतात. या आजारात वय नसलेला रिपोर्ट अर्धा रिपोर्ट आहे.

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

लॅबवाल्या भाऊंनी नेमक्या जागी बोट ठेवलं. आता ताईंचा पहिला प्रश्न, जन्मजात की नंतरचं.

व्हायरस अंगात शिरला की लगेच लघवीत दिसत नाही. तो पेशीत शिरतो, वाढतो, आणि बाहेर सांडू लागायला काही आठवडे जातात. म्हणून नियम असा: जन्मल्यापासून २१ दिवसांच्या आत घेतलेल्या लघवीत किंवा लाळेत सापडला तर तो पोटातूनच आलेला, जन्मजात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नव्हता आणि ३ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान सापडला तर बाळंतपणाच्या वेळी किंवा आईच्या दुधातून लागलेला. पहिल्यांदा १२ आठवड्यांनंतर सापडला तर त्याहून पुढचा, म्हणजे घरातल्यांच्या लाळेतून, इतर मुलांकडून, क्वचित रक्त चढवल्याने.

यात गोम अशी की दुसरा प्रकार म्हणायला "आधी नव्हता" हे दाखवणारा नमुना लागतो. तुमच्या बाळाचा पहिला नमुनाच ४० व्या दिवसाचा. उद्या लघवीत व्हायरस सापडला तरी तो पोटातून आला की अंगावरच्या दुधातून, हे तो नमुना सांगू शकणार नाही. जगातलं कुठलंही यंत्र आणलं तरी नाही. त्यामुळे "हा पोटातच लागतो" हे वाक्य वहिनींनी मनातून काढून टाकावं.

एक वाट उरते. जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन थायरॉइड वगैरे तपासण्यासाठी पाठवले असतील आणि तो कागद लॅबने जपून ठेवला असेल, तर त्या वाळलेल्या थेंबातही सीएमव्ही शोधता येतो. सापडला तर जन्मजात सिद्ध. नाही सापडला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण रक्तात व्हायरस लघवीपेक्षा खूप कमी असतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत २०१९ पासून आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात २०२३ पासून प्रत्येक बाळाच्या त्याच थेंबांत सीएमव्ही शोधतात. आपल्याकडे तशी सर्वांसाठी सोय नाही, पण खासगीत टाचेची तपासणी झाली असेल तर विचारून बघा.

दुसरी गोष्ट, संसर्ग आणि आजार हे वेगळे. लघवीत व्हायरस सांडणारी, अगदी ठणठणीत मुलं तुमच्या गावच्या अंगणवाडीतही असतील. महिनोन् महिने सांडतात. आजार म्हणायला त्या अवयवाला इजा झालेली दिसावी लागते, आणि तिचं दुसरं कारण नाही हेही पाहावं लागतं.

जन्मजात संसर्ग झालेल्या बाळांतही जन्मताच लक्षणं दिसणारी दहातली एखादीच: वजन कमी, डोकं लहान, अंगावर जांभळे ठिपके, यकृत-प्लीहा वाढलेली, प्लेटलेट कमी, मेंदूत कॅल्शियमचे साठे, डोळ्याच्या पडद्याला सूज. उरलेली नऊ दिसायला चांगली असतात, पण त्यांच्यातल्याही साधारण १० ते १५ टक्के मुलांचे कान पुढे कमी होतात. म्हणून जन्मजातांचे गट पाडतात. मध्यम ते तीव्र लक्षणं असलेली, सौम्य लक्षणांची, फक्त कानाचा दोष असलेली, आणि काहीच नसलेली. औषध द्यायचं का हे त्या गटावर ठरतं.

संकेश्वरची_आई

डॉक्टरांनी ते दहा-पंधरा टक्के लिहिलं, त्यातली एक माझी मुलगी आहे.

पूर्ण दिवसांची, गोरीपान, कसलाही त्रास नाही. जन्मल्यावर कानाची मशीन लावली, दोन्ही कान पास. दीड वर्षाची असताना "आई", "भूभू", "पाणी", "नको" बोलायची. दोन वर्षांनंतर शब्द कमी होऊ लागले. घरातले म्हणाले लाडावली आहे, हट्टी झाली आहे. मीसुद्धा तिला ओरडले, हाक मारली तरी बघत नाही म्हणून. त्याची टोचणी अजून आहे. अडीच वर्षांची असताना एकदा मागे स्टीलचं ताट पडलं आणि ती दचकली नाही, तेव्हा मी हादरले. बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेची तपासणी) केली. एक कान पूर्ण गेलेला, दुसरा जात चाललेला.

तपासणी करता करता एमआरआयमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात डाग दिसले आणि डॉक्टर म्हणाले, हे जन्मजात सीएमव्हीसारखं दिसतंय. सिद्ध कसं करायचं? अडीच वर्षांच्या मुलीच्या लघवीत सापडून काय उपयोग? टाचेचा कागद नव्हताच. तिच्या फाइलवर आजही "संभाव्य" असं लिहिलंय. पहिल्या तीन आठवड्यांत बोळाभर लाळ कुणी घेतली असती तर आम्ही दर काही महिन्यांनी कान तपासले असते आणि तिचे ते शब्द वाचले असते.

आता कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) झालंय, ती शाळेत जाते, भांडते, गाणी म्हणते. खानापूरच्या ताई, तुमच्या बाळाचे कान नीट असले तरी एकदा तपासून सोडून देऊ नका.

डॉक्टर, एक विचारू का? मी गरोदर असताना मोठा मुलगा तीन वर्षांचा होता. त्याचं उष्टं मी खायचे, कुठली आई टाकून देते? त्यातून झालं असेल का?

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

ताई, हे ओझं खाली ठेवा. आपल्याकडच्या गरोदर बायकांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास बायकांना हा व्हायरस आधीच झालेला असतो. तो अंगात जन्मभर झोपून राहतो, गरोदरपणात पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा दुसऱ्या जातीचा नव्याने लागू शकतो. आईला पहिल्यांदाच गरोदरपणात लागला तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता तीनात एक किंवा थोडी अधिक. आधी होऊन गेला असेल तर शंभरात एकीच्या घरात. पण आपल्याकडे तशा आयाच इतक्या आहेत की जन्मजात सीएमव्हीची बहुतेक बाळं त्यांच्याच पोटची असतात. उष्ट्यामुळे झालं की जुना जागा झाला, हे कुणीही सांगू शकणार नाही.

घरात लहान मूल असलेल्या गरोदर बाईने लंगोट बदलल्यावर, नाक-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुवावेत, चमचा वेगळा ठेवावा, मुलाचा पापा ओठांऐवजी कपाळाचा घ्यावा. हे पुढच्या बाळासाठी. मागच्याचा हिशेब मांडू नका.

निपाणीचा_बाबा

आमची उलटी गोष्ट. मुलगा २९ आठवड्यांचा, ११०० ग्रॅम. निपाणीहून कोल्हापूर जवळ म्हणून तिथे काचेत ठेवला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच लघवीची पीसीआर केली, निगेटिव्ह. मला तेव्हा वाटलं कशाला हा खर्च. सहाव्या आठवड्यात बाळ अचानक मलूल पडलं, श्वास थांबायचा, प्लेटलेट उतरल्या. जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक दिली, कल्चरमध्ये काहीच नाही. पुन्हा लघवी तपासली तर सीएमव्ही पॉझिटिव्ह. आधीचा निगेटिव्ह हातात होता म्हणून त्यांनी ठामपणे सांगितलं, जन्मजात नाही, दुधातून आलाय. आज तो चार वर्षांचा आहे, कान चांगले.

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

निपाणीच्या भाऊंचं उदाहरण उत्तम आहे. ३२ आठवड्यांच्या आतलं किंवा दीड किलोच्या आतलं बाळ असेल तर आईच्या दुधातून आलेला सीएमव्ही असा आजारी पाडू शकतो, कारण आईची संरक्षक प्रतिपिंडं नाळेतून मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत उतरतात आणि हे बाळ त्याआधीच बाहेर आलेलं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला दुधासोबत ते कवचही मिळालेलं असतं. म्हणून खानापूरच्या आजींना सांगा, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. नंतर लागलेल्या सीएमव्हीने सहसा कान जात नाहीत, हेही वहिनींना सांगा.

श्रवणतज्ज्ञ_अनगोळ

कानाच्या तपासणीबद्दल दोन शब्द. जन्मल्यावर जी झटपट मशीन लावतात ती ओएई. ती कानाच्या आतल्या शंखापर्यंतचं सांगते, पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं नाही. सीएमव्हीचा संशय असेल तर बेरा करून घ्या. आणि पास झालं तरी पहिली दोन-तीन वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे सहा वर्षांचं होईपर्यंत वर्षातून एकदा. संकेश्वरच्या ताईंच्या मुलीसारखं हळूहळू उतरणं यातच पकडता येतं.

बेरा झोपेत करतात. खानापूरहून येताना बाळ गाडीत झोपतं आणि आमच्याकडे पोचल्यावर टक्क जागं असतं, मग तारीख वाया जाते. वाटेत जागं ठेवा, इथे आल्यावर पाजा, आपोआप झोपेल. सरकारी मार्ग हवा असेल तर बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, इम्प्लांटपर्यंत पाळी आली तर म्हैसूरच्या वाक् श्रवण संस्थेत मार्गदर्शन मिळतं.

आशा_हुक्केरी

हे सगळं वाचून एक ध्यानात आलं. आम्ही आशा बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. वजन, नाळ, ताप, दूध बघतो. चौदाव्या दिवशी पिवळेपणा दिसला की शीचा रंग विचारायचा, आणि जन्मल्यावर कानाची मशीन फेल झाली असेल तर एकविसाव्या दिवसाच्या आत लघवी-लाळ तपासायला पाठवायचं, एवढं आमच्या हातात आहे की! परवाच्या बैठकीत मी हे बोलणार. आमच्या कार्डावर फेल-पास लिहायला जागा नाही, मी वहीत रकाना आखलाय.

खानापूरची_आत्या

मंडळी, बेळगावातनं लिहितेय. ४८ व्या दिवशी आलो, आज ५२ वा. एकूण बिलिरुबिन ६.१, त्यात डायरेक्ट ३.८. सगळ्यांचे चेहरे उतरले. सोनोग्राफीत पित्ताशय नीट भरलेलं दिसलं आणि पाजल्यावर आकसलं. सर्जननी येऊन बघितलं. चार दिवस प्रत्येक लंगोट सिस्टरांनी स्वतः पाहिला, शी पिवळी आहे. फिकट होती ती मधेच, आता नाही. काल सर्जन म्हणाले, पित्त उतरतंय, ऑपरेशनची गरज दिसत नाही, खरं पंधरा दिवस रंगावर नजर ठेवा. वहिनी त्या खुर्चीतच रडली.

लघवीची सीएमव्ही पीसीआर पॉझिटिव्ह. प्लेटलेट चांगल्या, डोक्याचा घेर वयाला बरोबर, डोक्याची सोनोग्राफी आणि डोळ्याचा पडदा ठीक, थायरॉइड ठीक. व्हिटॅमिन के दिलं. टाचेची तपासणी बाळंतपणाच्या वेळी झालीच नव्हती. इथल्या डॉक्टरांनी मराठीत, कागदावर चित्र काढून समजावलं. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर म्हणून औषध आहे म्हणाले. ते लक्षणं असलेल्या जन्मजात बाळांना पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने देतात, पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. आमचं बाळ खातंपितं, फक्त यकृताला सूज, आणि जन्मजात असल्याचा पुरावा नाही, म्हणून तूर्त न देता दर आठवड्याला रक्त बघायचं ठरलं.

बालरोगतज्ज्ञ_चिकोडी

योग्य ठरलं. फाइलवर निदान काय लिहिलंय ते नीट बघून इथे सांगाल का?

खानापूरची_आत्या

आज ७४ वा दिवस, गावी आहोत. एकूण २.२, डायरेक्ट १.१, उतरतंय. डोळे पांढरे दिसायला लागलेत. परवा बेरा झाली, दोन्ही कान चांगले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खानापूर ते बेळगाव वहिनीने त्याला गाणी म्हणत जागं ठेवलं.

फाइलवर लिहिलंय: "सीएमव्ही संसर्ग, यकृतदाह. पहिला नमुना ४० व्या दिवशी. जन्मजात की नंतरचा, ठरवता येत नाही. श्रवणाचा पाठपुरावा जन्मजात समजून सहा वर्षांपर्यंत." खाली मराठीत पुढच्या बेराचा महिना लिहून दिलाय. वहिनीने तो कागद देव्हाऱ्याशेजारी भिंतीला चिकटवला आहे.

श्रवणतज्ज्ञ_अनगोळ

पुढच्या वेळी दुपारी दोनची वेळ मागून घ्या, त्या वयात बाळं तेव्हा हमखास झोपतात.